सूर्य, ढग आणि मावशी

फोनवर काढलेला फोटो वाईट आला तर दोष द्यायचा कुणाला? फोन चेहरे ओळखतो, अंधारात उजेड पाडतो, मागचा पसारा धूसर करतो. एवढं करूनही फोटोतला माणूस बावळट दिसला, तर मामला संपलाच. होल्गाचं तसं नाही. होल्गामध्ये सगळा दोष कॅमेऱ्याचा. मी तो घेतला तो एवढ्यासाठीच.

होल्गा हाँगकाँगमध्ये १९८२च्या सुमारास निघाला. चीनमधल्या साध्या माणसाला परवडावा म्हणून अंगापासून भिंगापर्यंत सगळा प्लास्टिकचा. १२०चा रोल, चौकोनी बारा फोटो. शटरचा वेग एकच, सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. वर एक खटका: ऊन असेल तर सूर्याच्या चित्रावर ठेवा, नसेल तर ढगाच्या. गंमत अशी, की जुन्या होल्गांत खटका कुठेही ठेवला तरी आतलं छिद्र तेवढंच राहायचं! घरच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या वडिलांना मत विचारतात, तेवढाच त्या खटक्याला अर्थ.

भिंगाभोवतीच्या कड्यावर अंतराची चित्रं आहेत. एक माणूस, तीन माणसं, घोळका आणि शेवटी डोंगर. सिंहगडावर मावशीला जरा लांब उभं करून मी कडं फिरवत होतो.

"मला कशावर ठेवलंयस?"

"डोंगरावर."

"वजनावरून बोलायचं काम नाही," मावशी म्हणाली आणि दोन पावलं पुढे आली. मग तिला घोळक्यावर आणावं लागलं. तेही तिला फारसं पटलं नाही.

या कॅमेऱ्याची पाठ दोन पत्र्याच्या चिपांवर अडकलेली असते आणि ती मनात आलं की पडते. म्हणून वर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी. पाठीवर छोटी लाल खिडकी. चाक फिरवत गेलं की रोलच्या मागच्या कागदावरचा आकडा तिथे हळूहळू सरकत येतो. तोवर मावशी पोटात श्वास घेऊन उभी. "आला का रे?" "येतोय, पाच येतोय." फोनसमोर ती एवढी ताठ कधीच उभी राहत नाही, कारण तिथला फोटो पुसता येतो हे तिला ठाऊक आहे. इथे उरलेल्या सातांत भाचरंही बसवायची होती आणि दह्याची मडकी घेऊन बसलेल्या बायकाही. घरात एकाच दिवशी इतका विचार करून फोटो निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

रोल संपला की त्याच्या कागदी पट्टीचा डिंक जिभेने ओला करून तो चिकटवायचा. चव वाईट असते.

पुढचा टप्पा रोल धुण्याचा. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उजेडात धरल्या आणि आवाज खाली आणला.

"साहेब, लाइट शिरलाय. आणि एकावर एक फोटो आलेत. कॅमेरा दाखवून घ्या कुठेतरी."

"बरा आहे तो. तसाच असतो."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यासाठी वेगळे पैसे लावले नाहीत, हे त्याचे उपकार. होल्गात चाक न फिरवताही शटर दाबता येतं. त्यामुळे मावशीच्या अंबाड्यातून कल्याण दरवाजा उगवला होता. शिवाय चारी कोपरे काळवंडले होते आणि कडेने नारिंगी उजेडाचा ओघळ आला होता. मावशीने तो फोटो मोठा करून मागितला.

घरी मात्र विरोधी पक्ष बलवान आहे. रोल आणि धुलाईच्या पैशांत दोघांची थाळी होते, हा मुद्दा निघालाच. मी सांगितलं, की डेव्हिड बर्नेट नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने २००० साली अल गोर यांच्या प्रचाराचा फोटो याच खेळण्याने काढला आणि त्याला व्हाइट हाउसच्या वृत्तछायाचित्रकारांच्या संघटनेचं बक्षीस मिळालं. बायकोने तो फोटो फोनवर शोधून पाहिला.

"त्यांचा गोर निदान दिसतो तरी," ती म्हणाली.

तुम्हाला ही हौस करायची तर होल्गाच हवा असं नाही. माळ्यावर वडिलांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. त्यालाही १२०चाच रोल लागतो, तो अजून विकत मिळतो, आणि त्यातही बाराच फोटो बसतात. फक्त आतली रिकामी चकरी कचरा समजून टाकू नका. नवा रोल तिच्यावरच गुंडाळला जातो.