पाय सैल सोडा

गणेशोत्सवात ‘चाळिशीपुढील पुरुषांची कबड्डी’ ठेवायची प्रथा ज्याने पाडली, त्याचा सख्खा मेहुणा अस्थिरोगतज्ज्ञ असणार. चढाईवरून परतताना मी वळलो, पाऊल मात्र जमिनीत रोवलेलंच राहिलं. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला. तो पंचांनाही ऐकू गेला म्हणतात; तरी त्यांनी मला बाद दिलं.

तासाभरात गुडघा टम्म फुगला. सासऱ्यांनी निर्गुडीचा पाला सुचवला, वरच्या काकूंनी तेल पाठवलं. सूज उतरल्यावर दोघांनीही आपापला विजय जाहीर केला. जिना उतरताना गुडघा मधूनच सटकायचा, पण त्याची जबाबदारी कोणी घेईना.

डॉक्टरांनी एमआरआयच्या आधी हात लावला. लॅकमन चाचणी म्हणतात तिला. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट, शाबूत असेल तर नडगी खट्कन अडते. तुटलं असेल तर आपली येतच राहते. त्यांनी आधी धडका पाय तपासला. “तुमचा मूळचा ढिलेपणा किती, ते कळायला हवं.” एवढं तर हिनेही सांगितलं असतं, शिवाय फुकट.

मग दुखरा पाय. “सैल सोडा.” सोडलाय. “नाही सोडलेला.” मांडीमागचे स्नायू आवळले की ते नडगीला मागे धरून ठेवतात आणि तुटलेलं लिगामेंटही धडधाकट वाटतं. पण जन्मभर ‘नीट बस’ ऐकलेल्या माणसाने डॉक्टरांपुढे सैल व्हायचं तरी कसं? म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर पुन्हा चाचणी होते. कमरेत इंजेक्शन बसल्यावर पाय माझं ऐकेनासा झाला आणि डॉक्टरांचं ऐकू लागला. पिव्होट शिफ्ट नावाच्या चाचणीत तो असा काही सरकला, की शंकेला जागाच उरली नाही.

“दुर्बिणीतून करणार,” म्हटल्यावर आमच्या अण्णांनी विचारलं होतं, “का, गुडघा एवढा लांब आहे?”

1895 साली इंग्लंडातल्या लीड्समध्ये मेयो रॉब्सन यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली अशी लिगामेंट्स चक्क कॅटगट नावाच्या दोऱ्याने शिवली होती. आता सहसा शिवत बसत नाहीत, कारण सांध्यातल्या द्रवात तुटकी टोकं धड जुळत नाहीत. आपल्याच मांडीमागची कंडरा काढायची, दुमडून जाड करायची, हाडांत बोगदे पाडायचे आणि पायजम्यात नाडी ओवावी तशी ओवून दोन्हीकडे पक्की करायची. नाडीची गाठ ढिली राहिली तर काय होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

खरी गोम पुढे आहे. ही नवी दोरी दोन-तीन महिन्यांच्या सुमारास सगळ्यांत कच्ची असते, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. तेव्हा तुमच्या घरी असा कोणी रुग्ण असेल, तर त्याला “आता मस्त चालतोस की!” म्हणून चढवू नका. फिजिओकडे धाडा, आणि निदान नऊ महिने मैदानाकडे फिरकू देऊ नका.