भाच्याचा इतिहास, मामाच्या मोबाईलवर

कॅनडातल्या विमा कंपनीला आमच्या भाच्याचा भूतकाळ हवा होता. सगळा नव्हे, गाडी चालवण्यापुरता. सगळा मागितला असता तर त्याच्या आईनं, म्हणजे अक्कानं, तोंडीच सांगितला असता आणि विम्याचा विषय तिथंच मिटला असता.

भाचा राहतो ओंटारिओत. तिथं १९९४पासून लायसन टप्प्याटप्प्यानं मिळतं. आधी जी-वन, मग जी-टू आणि शेवटी नुसतं जी. गावाकडं काही वर्षं गाडी चालवल्याचा सरकारी कागद दाखवला, की मधलं थांबणं टळतं. विमा कंपनीलाही तोच कागद हवा होता. त्याला आपल्याकडं ‘लायसनचा एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. अर्ज ऑनलाइन होतो, पण "मामा, तुम्ही रिटायर आहात" या एका मुद्द्यावर अधिकारपत्र माझ्या नावे झालं आणि मी अंबडच्या स्टँडवर जालन्याची एसटी धरली.

एसटीत काम खासगी राहत नाही. मत्स्योदरीचा डोंगर मागं पडायच्या आत शेजारच्या पाहुण्यांनी "जालन्याला कामून?" विचारलं आणि पुढच्या दोन बाकांना उत्तर ऐकू गेलं. मग भाच्याचा इतिहास आपोआप गोळा होऊ लागला. अंगारकीला राजूरच्या गणपतीला यानंच जीप नेली होती. आत जेवढी माणसं, तेवढीच बाहेर लटकलेली. एका मावशींच्या बांधावरची तूर यानं आडवी केली होती. "म्हशीचं लिहिलंय का त्यात?" मागून कुणीतरी विचारलं. म्हैस कोणाची, यावर दोन मतं पडली. धडक कोणी दिली, यावर मात्र बसचं एकमत होतं.

"आमच्या ड्रायव्हर साहेबांच्या छातीकडं बघा," कंडक्टर म्हणाले. विनाअपघात सेवेचा बिल्ला होता. वर्षानुवर्षं अपघात न करणाऱ्या चालकांचा एसटी सत्कार करते, बिल्ला देते. महाराष्ट्रात कोणी गाडी कशी चालवली याची एवढी उघड नोंद मी दुसरीकडं पाहिलेली नाही. आम्ही सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. साहेबांनी मान वळवली नाही. "गप बसा थोडं, पुढं सळयांचा ट्रक आहे." होताच. जालन्याच्या रोलिंग मिलच्या सळया ट्रकच्या मागं हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं, आणि प्रत्येक खड्ड्याला ते फडकं आमच्या काचेला नमस्कार करायचं.

आरटीओत खिडकीवरच्या बाई शांत होत्या. "कार्ड आहे का जुनं पुस्तक?" आमचं कार्ड होतं. माझ्या पुढच्या बाबांकडं मात्र पुस्तक निघालं. फोटोत शिक्का नेमका नाकावर बसलेला, त्यामुळं नाक कुणाचं हे सांगता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, पुस्तकाची नोंद संगणकात नाही, आधी बॅकलॉग एंट्री करावी लागेल. बाबा खूश झाले. "मराठवाड्याचा बॅकलॉग दांडेकर समितीनं १९८४ साली मोजला होता. माझाबी आहे, हे आज कळलं."

आमचा कागद हाती आला आणि मी तो सातबारा वाचावा तसा, बोजा शोधत वाचला. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, जन्मतारीख. एमएच २१ म्हणजे जालना, पुढं लायसन दिलेलं वर्ष, मग सात आकडे. एलएमव्ही म्हणजे हलकी मोटार, एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची मोटारसायकल. पहिलं लायसन कधी, मुदत कुठवर. राजूर नाही, तूर नाही, म्हैस तर नाहीच.

"यात गाडी कशी चालवली ते कुठं आहे?"

बाईंनी समजावून सांगितलं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे न्यायालयानं एखाद्याला अपात्र ठरवलं, तर त्याची नोंद लायसनवर होते. तसं काही घडलेलं नाही, म्हणून निरंक.

"आणि चलनं?"

"कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, चालवणारा कोण ते कळत नाही. चलन गाडीच्या नंबरवर पडतं आणि मेसेज मालकाच्या मोबाईलवर जातो. गाडी कोणाच्या नावावर होती?"

"माझ्या."

"मग त्याचा इतिहास तुमच्याकडंच असेल."

होता की! भाचा कॅनडाला गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातला. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, पुन्हा हेल्मेट नाही. दंड मी भरलेला. सरकारदरबारी भाचा धुतल्या तांदळाचा आणि पेन्शनर मामा सराईत. ओंटारिओत चालकाच्या नावावरच गुन्ह्यांचे गुण चढतात. शून्यापासून सुरुवात होते आणि पक्क्या लायसनवाल्याचे पंधरा झाले की लायसन निलंबित. तीन वर्षांचा हिशेब कोणीही फी भरून काढू शकतो. भाच्याला आता असे कायदे पाळावे लागणार, याचा मला मनापासून आनंद झाला.

बाहेर येऊन अक्काला फोन लावला.

"मिळाला कागद. सगळं निरंक."

"म्हशीचं?"

"निरंक."

"सरकारी शिक्का आहे ना?"

"आहे."

"मग त्याच्या दोन झेरॉक्स काढून आण. परतूरच्या स्थळाला एक पाठवायची आहे. आणि निर्व्यसनी असं कुठं लिहून देतात का, ते पण तिथंच विचार."