बिनभाड्याचा ट्रक

अमेरिकेत मुरलेल्या मराठी माणसाला साठीच्या आसपास काहीतरी होतं. कोणी गॅरेजमध्ये कढीपत्ता जगवतो, कोणी कुळवृत्तांत लिहायला घेतो, कोणी नाटक बसवतो आणि आपल्याला बघायला बोलावतो. डॅलसच्या आमच्या नानांनी ट्रक घेतला. ट्रक म्हणजे पिकअप नव्हे. हायवेवर त्रेपन्न फुटी ट्रेलर ओढत जातात ना, त्यांचं पुढचं मुंडकं. २००६ सालचा व्होल्वो व्हीएनएल ७८०, मागे झोपायची खोली, खाली दहा चाकं, वजन आठ टनांच्या आसपास. आधीच्या मालकाने तो आठ लाख मैल पळवला आणि मग विकायला काढला. नानांचं मत वेगळं. "आता कुठे इंजिन बसलंय," ते म्हणतात.

बालपण हायवेच्या कडेला गेलं असेल, वडील ट्रकवर असतील, असं काहीतरी हळवं कारण सापडेल म्हणून मी एकदा खोदून विचारलं. वडील पोस्टात होते. बालपण सदाशिव पेठेत. सायकलसुद्धा तासावर भाड्याने आणायचे.

खरं तर ही एक जमातच आहे अमेरिकेत. धंद्यातून निवृत्त झालेला ट्रक स्वस्तात घ्यायचा आणि स्वतः धंद्यातून निवृत्त झालं की त्याला आपलं फिरतं घर किंवा शर्यतीची गाडी ओढायला जुंपायचं. त्यांचा हिशोब चुकीचा नाही. आठ-नऊ टनांचं चाकांवरचं घर पिकअपला बांधून रॉकी पर्वताचा घाट उतरताना ब्रेकचा धूर निघतो. हा ट्रक ऐंशी हजार पौंडांसाठी, म्हणजे छत्तीस टनांसाठी घडवलेला, त्याला मागे काही लावलंय हे कळतही नाही. आणि नव्या तगड्या पिकअपच्या निम्म्याहून कमी पैशात येतो. त्यातही जाणकार लोक २००७ च्या आधीचं मॉडेल शोधतात, कारण त्या साली धुराचे नियम कडक झाले, काजळीच्या गाळण्या आल्या, आणि २०१० पासून बहुतेक इंजिनांना युरिया पाजायची वेळ आली. हे सगळं नाना कोणालाही, कुठेही, प्रसादाच्या रांगेतसुद्धा समजावतात. फक्त एका प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. नानांकडे फिरतं घर नाही, शर्यतीची गाडीही नाही. मग ओढायचं काय?

"आधी ट्रक," नाना म्हणतात. "बाकीचं येतं मागून."

मागून आली ती स्मार्ट कार. दोन माणसांची, आठशे-एक किलोची चिमुकली गाडी. ट्रक घेऊन गावात शिरता येत नाही, दुकानासमोर लावता येत नाही, म्हणून सोबत छोटी गाडी हवी. आणि ती वाहून न्यायला खोलीच्या मागे लोखंडी फलाट हवा. या जमातीत स्मार्ट कार फलाटावर आडवी ठेवायची रीत आहे, त्यामुळे जागा वाचते. नानांनी वेल्डर बोलावला, आडवा फलाट करून घेतला, बाजूने चढायच्या पट्ट्या केल्या, गाडी चढवली, आणि मग टेप काढला. गाडीची लांबी १०६ इंच. रस्त्यावरच्या वाहनाला कायद्याने रुंदी १०२ इंच. युरोपात निघालेली पहिली स्मार्ट ९८ इंचांची होती. ती आडवी मावते. अमेरिकेत २००८ साली अधिकृतपणे विकायला आली ती लांबलेली. नाना दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा मोजत होते. वहिनी दारातून म्हणाल्या, "अहो, टेप बदलून बघा." शेवटी वेल्डर पुन्हा आला, फलाट कापला, लांबवला आणि गाडी उभी ठेवली. पहिल्या फलाटाचे उरलेले तुकडे नानांनी जपून ठेवले आहेत. त्यांचंही काहीतरी होणार आहे.

पुढचा प्रश्न कागदाचा. ट्रक म्हणून विमा मागितला की विमावाले विचारतात, धंदा कुठला? धंदा नाही म्हटलं की फोन ठेवतात. त्यावर या मंडळींचा उतारा म्हणजे ट्रकला मोटारहोम ठरवून घेणं. नियमाच्या व्याख्येत सहा सोयी आहेत: स्वयंपाकाची सोय, फ्रीज, संडास, हीटर किंवा एसी, नळ आणि बेसिनसकट पिण्याचं पाणी, आणि घरच्यासारखी वीज किंवा गॅस. यातल्या चार असल्या की ते घर. फ्रीज, इंजिन बंद असतानाही चालणारा एसी आणि वीज या तिन्ही नानांच्या झोपायच्या खोलीत आधीपासून होत्या. चौथीसाठी शेगडी सोपी होती, पण वहिनींनी स्पष्ट सांगितलं, "एक स्वयंपाकघर पुरे आहे मला." म्हणून नानांनी संडास निवडला. बंकच्या पायथ्याशी बसतो तो. वापरलेला नाही कधी, वापरणारही नाहीत. कागदासाठी त्याचे चारी बाजूंनी फोटो मात्र काढलेत. फोनमध्ये नातवाच्या फोटोंच्या आधी ते येतात.

लायसन्सचं त्या मानाने सरळ झालं. मोटारहोमला टेक्सासात धंद्याचं लायसन्स लागत नाही, पण ठरवून दिलेली वजनाची क्षमता सव्वीस हजार पौंडांच्या वरची असली की घरगुतीच, पण वरच्या वर्गाचं लागतं. नानांनी पुस्तक पाठ केलं आणि पास झाले. आयआयटीचा निकाल त्यांनी एवढ्या लोकांना कळवला नव्हता.

मग कॉलनीच्या सोसायटीचं पत्र आलं. ट्रक दारात लावायचा नाही. नानांनी संडासाचे फोटो पाठवले, तरी नाही. आता ट्रक गावाबाहेर भाड्याच्या जागेत उभा असतो. दर शनिवारी सकाळी नाना स्मार्ट कारने तिथे जातात. कार फलाटावर चढवतात, चारी चाकांना पट्टे आवळतात. ट्रक काढून हायवेला एक लांब फेरी मारतात, परत येतात, पट्टे सोडतात, कार उतरवतात आणि कारने घरी येतात. ट्रक कारला फिरवतो, कार नानांना ट्रककडे नेते. या व्यवस्थेत खोट काढायला मी बरेच दिवस घालवले. काढता येत नाही, ती पूर्ण आहे.

एका फेरीला मी गेलो. चावी फिरवली की एक कर्कश बझर सुरू होतो, कारण ब्रेकच्या टाक्यांत हवा नसते. तिचा दाब साठ पौंडांच्या वर जाईपर्यंत तो बंद होत नाही. नाना त्या काट्याकडे तापत्या दुधाकडे बघावं तसे बघत बसतात. बझर थांबतो. काटा सव्वाशेकडे सरकतो, खालून फस्सकन हवा सुटते, आणि मग नाना डॅशवरचं पिवळं चौकोनी बटण तळव्याने आत दाबतात. "बटण ओढलं की ब्रेक, दाबलं की मोकळा. आणि हवा गेली की स्प्रिंग आपोआप चाकं धरते. म्हणजे बिघडला तरी थांबतोच! माणसात आहे का ही सोय?" उत्तराची अपेक्षा नसते. दहा गिअर आहेत, सिंक्रोमेश नाही, प्रत्येक गिअरला क्लच दोनदा. त्यात मधेच कर्रर्र झालं की नाना माझ्याकडे बघतात, जणू मी केलं.

डिझेल भरायला ट्रकच्याच पंपावर जावं लागतं. दोन्ही बाजूंच्या टाक्या एकदम भरतात, एकेक दीडशे गॅलनची. पंपाचं यंत्र आधी कंपनीचं नाव विचारतं. नाना वहिनींचं नाव टाकतात. वहिनींना त्या पावत्या धुण्याच्या पँटीत सापडतात. "माझी कंपनी तोट्यात आहे," असं त्या पाहुण्यांना शांतपणे सांगतात. मैलाचं विचारू नका, गॅलनला सहा-सात. इंजिन ऑइल बदलायचं तर चाळीस लिटर.

घाट म्हणावा असा डॅलसला एकही नाही, त्यामुळे जेक ब्रेकची हौस राहून गेली आहे. हा ब्रेक इंजिनालाच गाडी रोखायला लावतो. क्लेसी कमिन्सने तो शोधला तो १९३१ साली कॅलिफोर्नियात कहोन खिंड उतरताना ब्रेक गेले आणि रेल्वेखाली येता येता वाचला, त्या धसक्याने. बाजारात आला १९६१ साली. आवाज असा, की अनेक गावांच्या वेशीवर तो लावू नये म्हणून पाट्या आहेत. नाना सपाट रस्त्यावर, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, एकदा लावतात.

या जमातीत दारावर 'नॉट फॉर हायर' लिहायची पद्धत आहे. नानांनी त्याखाली देवनागरीत 'भाडे घेतले जात नाही' असं रंगवून घेतलंय. तेव्हा डॅलसच्या आसपास कोणाचं घर बदलायचं असेल, कोणाची जुनी गाडी दुसऱ्या गावी न्यायची असेल, तर नानांना जरूर सांगा, ते नाही म्हणणार नाहीत. जेवायला बोलवा, हवं तर ट्रकसोबत फोटो काढा. पण पैसे देऊ नका, डिझेलचेसुद्धा. एक डॉलर जरी घेतला, तरी ट्रक धंद्याचा ठरतो, आणि तो संडास बसवलेला फुकट जातो.