हॉलंडचं घड्याळ

मुलगा आइंडहोवेनला नोकरीला लागल्यापासून "एकदा या" म्हणत होता आणि आम्ही तेव्हापासून "कांदा निघू दे" म्हणत होतो. कांदा निघाला की द्राक्षाची खरड छाटणी, छाटणी उरकली की पाऊस. शेवटी 2024च्या एप्रिलअखेर उन्हाळ कांदा चाळीत पडला. डिसेंबरपासून निर्यातबंदी होती, भाव नव्हताच, त्यामुळे विकायची घाईही नव्हती. सरकारच्या धोरणामुळे परदेशवारी घडलेला नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या विंचुरातला मी पहिलाच असेन.

तसा विंचूरचा माणूस मुलूखगिरीला नवा नाही. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर पार पानिपतापर्यंत जाऊन आले. पण त्यांच्या स्वारीला माणशी 23 किलोंची अट नव्हती. हिनं बाजरीचं पीठ, कुरडया, काळा मसाला भरून झाल्यावर सगळ्यात खाली दोन किलो कांदे घातले होते.

"हॉलंडला कांदे?"

"तिकडचा कांदा पोराला मानवत नाही म्हणं."

विमानतळावर ते काढून घेतील, कसला तरी दाखला लागतो, हे समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी म्हणालो, "अगं, निर्यातबंदी आहे." ते मात्र तिला एका झटक्यात पटलं. मुकाट्यानं पिशवी बाहेर काढली.

शिफोलला विमान उतरलं तेव्हा मुलानं पहिली माहिती दिली ती अशी, की आपण आत्ता समुद्राच्या पातळीखाली उभे आहोत. इथं मोठं तळं होतं, 1852 सालापर्यंत ते उपसून कोरडं केलं. ही लगेच चपला बघायला लागली. गाडीतून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना काठोकाठ भरलेले चर. आमच्याकडं पालखेड कालव्याचं आवर्तन सुटावं म्हणून निवेदनं द्यावी लागतात, वेळेला रस्त्यावर बसावं लागतं. आणि इथं पाणी बाहेर फेकायला रात्रंदिवस पंप चालू. वीज जात नाही का, असं मी विचारलं. मुलानं आरशातून माझ्याकडं नुसतं पाहिलं.

लोक परदेशात म्युझियम बघतात. आम्ही पहिले तीन दिवस भाजीची दुकानं बघितली. कांदा किलोला दीड युरोच्या आसपास. मी नव्वदनं गुणलं आणि तिथंच खोक्यावर टेकलो. शेजारी प्लास्टिकच्या डबीत हिरवी द्राक्षं होती, वर 'इंडिया' छापलेलं. आपल्याकडची द्राक्षं न्हावाशेव्याहून बोटीनं रॉटरडॅमला उतरतात, हे मला ठाऊक होतं. तरी ती अशी दिव्याखाली बसलेली बघून, सासरी गेलेली मुलगी भेटावी तसं झालं. हिनं डबी उचलून मणी निरखला, देठ बघितला आणि निकाल दिला, "आपल्या बागेतली नाहीत. आपला मणी लांबट असतो." आणि तरी विकत घेतली. परदेशात येऊन नाशिकची द्राक्षं विकत खाणं याला काय म्हणावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

क्यूकेनहॉफची ट्युलिपची बाग जगप्रसिद्ध आहे. दर हिवाळ्याच्या तोंडाशी तिथं सत्तर लाख कंद हातानं लावतात. हे ऐकून लोक "वा" म्हणतात. मी एकरी लागवडीची मजुरी मांडत बसलो. 1637 साली या कंदांचे भाव असे चढले होते, की एकेका कंदापायी माणसं घर द्यायला निघाली, आणि मग ते एकदम कोसळले. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण खरी मजा बागेबाहेरच्या शेतांत होती. तिथं एक यंत्र भरात आलेल्या फुलांच्या मुंड्या छाटत निघालं होतं. बरोबरचे पर्यटक हळहळले. ही मात्र खुलली. "बरोबरच आहे. फूल ठेवलं तर कांदा पोसतो व्हय? डेंगळे मोडायलाच लागतात." संबंध हॉलंडात तिला मनापासून पटलेली ही पहिली गोष्ट.

त्याच आठवड्यात गावाकडून फोन आला. 4 मेला निर्यातबंदी उठली, पण टनाला किमान 550 डॉलर भाव आणि वर 40 टक्के शुल्क. हॉलंडचा बहुतेक कांदा परदेशातच जातो, असं मुलगा सांगत होता. मी म्हटलं, इथल्या शेतकऱ्याला विचार, तुमच्याकडं वर्षातून कितीदा बंदी येते. त्यानं भाषांतर करायला साफ नकार दिला.

आणि मग ब्रुक ऑप लांगेडाइक. या गावाभोवती पूर्वी शेती होती ती हजारो बेटांवर. बांध नव्हते, प्रत्येकाच्या वावराभोवती पाणी. (बांधावरून भांडणं नाहीत! कोर्टं चालायची कशी?) माल होडीतून यायचा आणि होडी थेट लिलावाच्या सभागृहात शिरायची. 1887पासून इथं भाजीचा लिलाव व्हायचा, 1973 साली बंद पडला. आता म्युझियम आहे आणि पाहुण्यांनाही बोली लावता येते.

आपल्या उपबाजारात कसं, ट्रॅक्टर लावायचा, व्यापारी वक्कल बघणार, दोन कांदे उचलून चोळणार, दहा-वीस रुपयांनी बोली चढणार आणि आपण ट्रॉलीला हात लावून उभे. अर्ध्या मिनिटात वर्षाचा निकाल. इथं उलटं. समोर भलंमोठं घड्याळ. भाव वरून सुरू होतो आणि खाली खाली येत जातो. बाकावर बसून जो पहिलं बटण दाबेल त्याचा माल. जितका थांबशील तितका स्वस्त, पण थांबलास तर दुसरा नेईल.

होडीतून कांद्याची पिशवी आली. दोनेक किलो, पिवळट साल, बऱ्यापैकी वाळलेली. जन्मात पहिल्यांदा मी घेणाऱ्याच्या बाजूला बसलो होतो. घड्याळ सुरू झालं. पाच युरो. पावणेपाच. साडेचार. सभागृहात सगळे हसत, बटणावर बोट ठेवून निवांत. माझ्या पोटात मात्र कालवायला लागलं. सव्वाचार. कांद्याचा भाव डोळ्यांदेखत पडतोय आणि मी बसून बघतोय! चारवर मी बटण दाबलं.

टाळ्या झाल्या. ही कानाशी म्हणाली, "दुकानात तीनला मिळाला असता. जरा उतरू द्यायचा."

"बघवेना," मी म्हणालो.

त्या कांद्याचं तिनं संध्याकाळी पिठलं केलं. मुलानं तीन भाकरी खाल्ल्या. मानवत नाही म्हणणारा.

परत आल्यावर विंचूरच्या तीनपाटीला चहा घेताना पुतण्यानं मनगटाकडं बघत विचारलं, "नाना, हॉलंडहून घड्याळ नाही आणलं?" मी त्याला ते लिलावाचं घड्याळ सविस्तर सांगितलं. काटा कसा वरून सुटतो, भाव कसा आपोआप खाली येतो, बटण कुठं असतं.

त्यानं शांतपणे बशी खाली ठेवली.

"भाव पडायला घड्याळ कशाला लागतंय?"