प्लॉट आहे, घर नाही

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेत ‘प्लॉट’ म्हटलं की लोक आधी भाव विचारतात. माझा प्लॉट कादंबरीचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात ९६ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा जोशात नवी वही घेतली. रीतसर ले-आउट टाकलं : पात्रांचे तक्ते, वंशावळ, नायिकेच्या आत्याची जन्मतिथीसुद्धा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि कादंबऱ्या त्यात हप्त्याहप्त्यानं छापल्या. अंक तोंडावर आल्यावर आराखड्याला सवड कुठली? मला सवडच सवड. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर निदान गाजरगवत माजलंय. माझ्या प्लॉटवर तेवढंही उगवलेलं नाही. कुणाकडे पहिलं वाक्य पडून असेल तर कळवा. खुणेचे दगड मी रोवून ठेवलेत.