भदभद्याची अकरा दारे: साहित्य आणि कृती

पुढील कृती दीड फुटाच्या धरणाची आहे. चार माणसांच्या कुटुंबाला एक अख्खा श्रावण पुरते.

ज्यांना प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे नुसते घर, किल्ला किंवा विमान बांधायचे आहे त्यांनी इथेच थांबावे. ती मंडळी सुखी असतात. बांधले, कपाटावर ठेवले, धूळ बसली, झाले. आपल्याला चालते मॉडेल करायचे आहे. म्हणजे हँडल फिरवले की काहीतरी हलले पाहिजे, आणि शक्यतो जे हलावे अशी आपली इच्छा होती तेच हलले पाहिजे.

भोपाळच्या मराठी माणसाने विषय शोधत बसू नये. मॉडेल घरच्या गणपतीच्या आराशीत ठेवायचे, त्यामुळे मुदत पंचांगाने घालून दिलेली असते. आणि त्याच सुमारास बडा तालाब भरत आलेला असतो. भोज राजाने अकराव्या शतकात करून ठेवलेल्या या तलावाची पूर्ण पातळी १६६६.८० फूट. ती गाठली की तलावाच्या भदभदा धरणाची दारे उघडतात आणि अर्धे शहर गाड्या काढून पाणी बघायला जाते. धरण १९६५ सालचे, दारे अकरा. खऱ्या दारांची यंत्रणा कशी आहे या खोलात शिरू नये. आमचे बाबा शिरले, आणि त्यात आठ दिवस गेले. बाबा पावसाळ्यात पेपर उघडतात तेच मुळी पातळी बघायला. निधनवार्ता नंतर.

आता साहित्य. मूळ ठोकळा डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा, लेगो कंपनीचा. आजही वापरात असलेल्या त्याच्या जोडणीच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ला दाखल झाला. बाबा भेलमधून निवृत्त झालेले, आणि त्यांचा भोपाळचा कारखाना ज्या कंपनीने उभारला ती १९५६ची. त्यामुळे ठोकळा त्यांच्या लेखी दोन वर्षांनी ज्युनिअर आहे आणि ते त्याच्याशी त्याच सुरात बोलतात. दातेरी चाके, भोकाच्या पट्ट्या, आस वगैरे यांत्रिक भाग कंपनीने १९७७पासून काढले. आपल्याला तेच हवेत.

खरेदी मुलीच्या नावे करावी. मुलीचे वय डब्यावर छापलेल्या वयापेक्षा कमी असेल तर फार उत्तम, कारण मग ‘तिला एकटीला जमणार नाही’ असे म्हणून आपण मांडी घालू शकतो. किंमत सौ.ना सांगताना सुरुवात आयात शुल्कापासून करावी: परदेशी खेळण्यांवर ते २०२०च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० झाले आणि २०२३मध्ये ७०. इतके ऐकल्यावर समोरचा माणूस सरकारवर रागावतो. आपल्याला तेवढीच सवड हवी असते. खेळण्यांवर आयएसआय शिक्का १ जानेवारी २०२१पासून सक्तीचा आहे, प्रेशर कुकरवर असतो तसलाच, हेही जाता जाता सांगावे. खरेदीला जरा गृहोपयोगी वळण लागते.

हे सगळे झेपत नसेल तर दुसरी वाट आहे, आणि ती भोपाळवरूनच जाते. पुण्याच्या टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता १९७८मध्ये वर्षभराची रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी सांगाडे उभे केले. त्या काड्यांचे पुस्तक पुढे भोपाळच्या ‘एकलव्य’ने छापले. खर्च एका काडेपेटीचा. आमच्याकडे ही वाट बाबांनी पहिल्याच दिवशी सुचवली होती. मी ऐकले नाही, कारण डबा आधीच फोडला होता.

यानंतर वर्गवारी. दोन बाय चारचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले तर ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. यातला हवा असलेला एक प्रकार शोधायला आपल्याला रात्री जेवणानंतरचा वेळ मिळतो. म्हणून भाग वेगळे करून ठेवावेत. मिसळणाचा डबा यासाठी आदर्श: सात वाट्या, घट्ट झाकण. काळ्या पिना मात्र मोहरीच्या वाटीत ठेवू नयेत. फोडणी तडतडली नाही, वास वेगळाच आला आणि आईने दोन दिवस माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलणे ठेवले. काळी पिन घट्ट बसते, ती सांगाड्यासाठी. करडी गुळगुळीत असते, ती हलत्या सांध्यासाठी. हलत्या सांध्यात काळी घातली तर हँडल आणि मनगट यांपैकी एक काहीतरी दुखावते.

आता जरा गणित. ते टाळून पुढे गेलेले लोक मला माहीत आहेत. त्यांची धरणे उघडत नाहीत. ठोकळ्याच्या डोक्यावरचे दोन उंचवटे ८ मिलिमीटरवर असतात. हे एक घर. पण ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. म्हणजे भोकाचे ठोकळे नुसते एकावर एक रचले तर उभ्या भोकांमधले अंतर घरांच्या हिशेबात बसत नाही आणि चाकांचे दात एकमेकांना भेटत नाहीत, किंवा भेटतात ते भांडायलाच. उपाय साधा आहे: एक ठोकळा, वर दोन चपट्या पट्ट्या, वर पुन्हा ठोकळा. चपटी पट्टी ३.२ची. ९.६ अधिक ३.२ अधिक ३.२ म्हणजे १६, बरोबर दोन घरे. हे पाढ्यासारखे पाठ करावे. दोन घरांवर आठ आणि चोवीस दात्यांची जोडी जुळते, सोळा-सोळाचीही जुळते. सोळा आणि आठ मात्र दीड घर मागतात. त्या अर्ध्या घरापायी माझा एक रविवार गेला. सौ. त्या दिवशी माहेरी होत्या, म्हणून इतर काही गेले नाही.

दार चार घरे रुंद, खांब एक घराचा. अकरा दारे, बारा खांब, एकूण ५६ घरे, म्हणजे जवळजवळ ४५ सेंटिमीटर. प्रत्येक दाराच्या पाठीला उभी दंतपट्टी. तिला दातेरी चाक लागले की दार वर सरकते. इथे एक मोह होतो. दोन शेजारच्या दारांमधले अंतर पाच घरे येते, आणि चाळीस दात्यांची दोन चाके शेजारी लावली तर त्यांच्या मध्यांतले अंतरही नेमके पाच घरे. हा दैवी संकेत वाटतो. मी अकरा मोठी चाके मागवली, ओळीने बसवली, घरच्यांना बोलावले आणि हँडल फिरवले. शेजारची चाके एकमेकांच्या उलट फिरतात ही गोष्ट मला सातवीत शिकवलेली होती. सहा दारे वर निघाली, पाच जमिनीत घुसू लागली, आणि मग सगळे धरण कण्हून जागीच थांबले. कन्या म्हणाली, “बाबा, निम्मी दारं रुसलीत का?” तिला झोपायला पाठवावे.

मग शहाणा माणूस अकराही दारांमधून एकच लांब आस घालतो आणि तिच्यावर आठ दात्यांची अकरा छोटी चाके बसवतो. आता सगळी एकाच दिशेने फिरतात. फक्त आस प्लॅस्टिकची असते, जोड देऊन लांबवलेली असते, आणि आपण हँडल तिच्या एका टोकाला लावलेले असते. फिरवले की तिला ओल्या टॉवेलसारखा पीळ बसतो. पहिले दार अर्धे उघडते तेव्हा अकराव्याला बातमीही पोचलेली नसते. मी तीन दिवस तेल, मेणबत्ती, टाल्कम पावडर आणि शिव्या वापरून पाहिल्या. चौथ्या संध्याकाळी बाबा पेपर बाजूला न करता म्हणाले, “मधून फिरव.”

“म्हणजे?”

“सहाव्या दारापाशी. दोन्हीकडे पाच-पाच. पीळ निम्म्याहून कमी होईल. सोमवारीच सांगणार होतो, पण तू पावडर लावत होतास.”

तर हँडल मध्यभागी, मखराच्या मागून, घ्यावे. त्याच्यापुढे वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचे चाक, आणि त्याला आसेवरचे चोवीस दात्यांचे चाक. हँडल चोवीस वेळा फिरले की आस एकदा फिरते. दुसरा गुण असा की हँडल सोडले तरी दारे आपटत नाहीत. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. हिशेब केला तर एका फेऱ्याला दार साधारण एक मिलिमीटर चढते. तीन सेंटिमीटर उघडायला तीस फेरे. हा वेळ बरोबर एका आरतीचा आहे. मी तो मुद्दाम साधला असे सगळ्यांना वाटते. ते तसेच राहू द्यावे.

पाण्यासाठी निळे ठोकळे विकत घेऊ नयेत. प्रत्येक मराठी घरात ओटीत आलेली, कुणी न शिवलेली आणि पुढच्या ओटीची वाट पाहणारी ब्लाऊजपिसे असतात. त्यांतले निळे चकचकीत निवडून दारांमागे दोन रुळांवर चढवावे. आई दुसरे दोन दिवस बोलणार नाही, पण तोवर गणपती बसलेले असतात.

दर्शनाला येणारे आधी मूर्तीला हात जोडतात आणि मग धरणापुढे बसतात. पहिल्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका प्रसाद तोंडात असतानाच म्हणाले, “को खां, गेट कब खुल रिये हैं?” ही दाद समजावी. आरतीला हँडल कोणी फिरवायचे यावरून घरात वाद होतो. तो मिटवण्याचा प्रयत्न करू नये. ज्याने मधून फिरवायला सांगितले तो माणूस पाट ओढून मखरामागे बसलेला असतो आणि टाळ्यांच्या ठेक्यात फेरे मोजत असतो.

शेवटची पायरी मोडणीची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे भाग सुटे करून मिसळणाचा डबा घासून परत द्यावा, असे मी ठरवले होते. धरण अजून टेबलावर आहे. बाबा सकाळी पेपर आणतात, पातळी वाचतात आणि त्याप्रमाणे दारे ठेवतात. आज ती बंद आहेत. कन्येने शाळेत जाताना हँडलला हात घातला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“आधी पातळी सांग.”