तिसरा पेला

जॉर्डनच्या वादी रममध्ये फिरताना एकच प्रश्न पडतो : या ब्रिटिश अधिकाऱ्याला, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ला, १९१७ साली तुर्कांशी लढायला वेळ कधी मिळाला? हा त्याचा झरा, हे त्याचं घर, हा खडकात कोरलेला त्याचा चेहरा! घर म्हणजे दगडांचा ढिगारा, आणि तोही मूळचा नबाती लोकांचा. त्याच्यावरचा १९६२ चा सिनेमाही इथलाच. पुढे २०१५ च्या ‘द मार्शियन’मध्ये हीच लाल वाळू मंगळ म्हणून खपली. आमच्या बदू ड्रायव्हरला दोघांचंही कौतुक नव्हतं. खडखडत्या टोयोटाच्या हौद्यात आम्हाला उडवत तो निवांत फोनवर बोलत होता.

मुक्काम बकरीच्या केसांच्या तंबूत. पाऊस पडला की हे केस फुगतात, वीण घट्ट होते आणि पाणी आत येत नाही. सोबत आलेल्या काका-काकूंपैकी काकूंनी कापड चिमटीत धरून पाहिलं. “आपल्या गच्चीला बसेल का हो हे?”

यजमानांनी कॉफी आणली. वेलदोड्याची, कडू, बिनदुधाची, पेल्याच्या तळाशी जेमतेम घोटभर. काकू माझ्या कानाशी लागल्या, “हात आखडताच दिसतोय.” खरं तर इथे पेला काठोकाठ भरणं म्हणजेच ‘प्या आणि निघा’. पुरे झालं की रिकामा पेला किंचित हलवून परत द्यायचा. नुसताच दिला तर तो पुन्हा भरतो. काका पडले सभ्य. दर वेळी दोन्ही हातांनी, अजिबात न हलवता, देवापुढे समई ठेवावी तसा पेला परत करत होते. यजमानांनाही इतका रसिक पाहुणा बऱ्याच दिवसांत भेटला नसावा. सातव्या पेल्याला काकांचे कान लाल झाले, तेव्हा ड्रायव्हरला दया आली आणि त्याने पेला हलवून दाखवला.

मग त्याने शास्त्रही सांगितलं. पहिला पेला पाहुणचाराचा, दुसरा मौजेचा, तिसरा तलवारीचा. तिसरा प्यायलात की यजमानावर हल्ला झाल्यास तुम्ही त्याच्या बाजूने लढायचं.

“हे?” काकू म्हणाल्या. “घरी झुरळ निघालं तर मला हाक मारतात.”

जुन्या रिवाजात पाहुण्याला तीन दिवस ‘का आलात’ असं विचारायचंही नाही. काकूंनी तीन मिनिटांत यजमानांची मुलं किती, लग्नं कुणाकुणाची व्हायची, उंट स्वतःचे की भाड्याचे, एवढं काढून घेतलं. यजमान इंग्रजीत, काकू मराठीत. कुणाचंही काही अडलं नाही. उंट घरचे निघाले. धाकट्यासाठी मुलगी बघताहेत.

तेवढ्यात वाळूतून जेवण निघालं. झर्ब! खड्ड्यात निखारे, त्यावर कोंबडी-बटाटे-कांद्यांची मजलेदार जाळी, वर झाकण, घोंगडी आणि वाळू. वाळू लोटून झाकण उघडलं तेव्हा सगळ्यांचे मोबाइल पुढे आणि हात मागे. मिनिटभरानंतर उलट. त्या बटाट्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल. त्यात दात लावावे लागत नव्हते, आणि कोंबडीचा सगळा रस त्यानेच पिऊन ठेवला होता.

रात्री तंबूत सगळे घोरू लागले. सात पेल्यांचे काका टक्क जागे. मध्यरात्रीनंतर बाहेर कोणीतरी घशातून भयंकर गुरगुरलं. काका ताडकन उठून बसले.

“उंट आहे,” काकू कूस न बदलता म्हणाल्या. “पण खात्री करून या. तिसरा पेला तुम्ही प्यायलात.”

काकांनी घोंगडी डोक्यावरून ओढली.